हुंकार देणारा

गोष्ट सांगायला अक्कल लागत नाही, याचा पुरावा म्हणून आमच्या घरात माझ्याकडे बोट दाखवतात. अक्कल लागते ती हुंकार द्यायला. ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे चार माणसं बसली आणि कुणी गोष्ट सुरू केली, की ऐकणाऱ्यांतल्या एकानं 'हूं' द्यायचा असतो. वाक्य टेकलं की 'हूं', पुढचं टेकलं की पुन्हा 'हूं'. सगळ्यांनी द्यायचा नाही, गलका होतो. एकानंच द्यायचा. तो लवकर आला तर सांगणारा अडखळतो, उशिरा आला तर गोष्टीतली हवा जाते, आणि आलाच नाही तर गोष्ट थांबवून विचारायचं, काय रं, झोपलास का.

माझा हुंकार दादाचा. मी आठ वर्षांचा आणि तो चौदाचा असल्यापासून. दादा मुळात कमी बोलणारा. त्याच्या वाट्याचं बोलणंही तूच संपवलंस, असं आई मला म्हणायची, आणि त्यात तिचं फार चुकत नव्हतं. मी साखरपुड्यात बोललो, बारशात बोललो, दहाव्याला पाताळगंगेच्या काठावर कावळ्याची वाट बघत बसलेल्या मंडळींनाही मी गोष्ट सांगितलेली आहे, आणि कावळा तेव्हाच आला. तो कंटाळून आला असं चुलते म्हणाले. या प्रत्येक ठिकाणी माझ्या डाव्या बाजूला दादा असायचा, मान खाली घालून, आणि त्याचा 'हूं' बरोबर जागेवर पडायचा. लोकांना वाटायचं मी चांगला सांगतो.

मी कर्जतला तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. दादा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याचा कान कारखान्यात प्रसिद्ध. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, मागचं बेरिंग आठ दिवस टिकेल. ते आठ दिवसच टिकायचं. निवृत्त झाल्यावर तो खालापूरच्या बाजूला गावातच राहिला. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे कपडे धुवायचा दगड. दादा आणि वहिनी, दोघंच. मूल झालं नाही. वहिनी पोशीरकडची. शाळेत गेली नाही. सही करते, पण ती सही तिनं चित्रासारखी पाठ केलेली आहे. लिहिता तिला येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं तिथंच अडलं.

दादाला झटका आला तो दिवाळीनंतर. डावा हात थोडा जड झाला होता आणि तोंड किंचित वाकडं. इस्पितळात डोक्याचा फोटो काढला तर दुसऱ्या बाजूला जुन्या झटक्याचाही डाग निघाला. तो कधी येऊन गेला ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, दादालाही नाही. दोन्ही बाजूंना, कानाच्या वरच्या अंगाला, असं डॉक्टर म्हणाले. पण हात सुधारत होता, आणि तिसऱ्या दिवशी दादानं 'घरी कदी सोडनार' असं स्पष्ट विचारलं, तेव्हा बोलणं शाबूत आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोलणं शाबूत होतं. ऐकण्याचं कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

तो घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याला भेटायला यायची आमच्याकडची पद्धत अशी, की शहाळं किंवा बिस्किटाचा पुडा पुढं ठेवायचा आणि आजारी माणूस बहिरा असल्यासारखं ओरडायचं. 'काय, कसं काय? बरं हाय ना आता?' पाच-सहा जण एकदम ओरडायचे. दादा मान हलवायचा. एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. माणसं वहिनीच्या हातचा चहा पिऊन, तब्येत झकास आहे असं एकमेकांना सांगत निघून जायची.

पहिल्याच रविवारी मी मोटरसायकलवरून गेलो आणि मामाच्या खाटेची गोष्ट काढली. ही आमची घरातली जुनी गोष्ट. मामा खोपोलीच्या बाजारातून नवी खाट डोक्यावर घेऊन निघाला, दमला, रस्त्याच्या कडेला खाट टेकवून तिच्यावरच आडवा झाला आणि झोपला. वरून चादर ओढली, कारण माशा होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं कुणी गेलं. बायका बसल्या, एकीनं रडायला सुरुवात केली, कुणी फुलं आणली. गलक्यानं मामा जागा झाला, चादर बाजूला सारून उठून बसला आणि शेजारच्या बाईला विचारलं, कोण गेलं ओ? मग तोही गंभीर तोंड करून बसला.

दादानं प्रत्येक वाक्याला हुंकार दिला. एकही चुकला नाही. 'कोण गेलं ओ'ला तो हसला, पहिल्यासारखाच, खांदे हलवत.

मी घरी जाताना हवेत होतो. बायकोला म्हटलं, औषधानं नाही झालं ते माझ्या गोष्टीनं झालं. ती म्हणाली, "औषधं चालू ठेवा म्हणावं तरी." पण मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितलं. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मेंदूबद्दल ऐकायचं नसतं. त्यानं ऐकून घेतलं, कारण अर्ज माझ्या हातात होता.

आणखी एक पुरावा मिळाला. शेजारच्या पंपाचा आवाज ऐकून दादा एकदा म्हणाला, "त्याचं बेरिंग जातंय. सांग त्याला." पंप उघडला तर बेरिंग खरंच गेलेलं. कुकरची शिट्टी त्याला कळायची, कुत्रं भुंकलं तर कोणाचं ते कळायचं, घाट उतरणाऱ्या ट्रकचा ब्रेक तापलाय हे तो ओट्यावर बसून सांगायचा. कान असा असल्यावर आणखी काय हवं?

वहिनी पहिल्यांदा बोलली ती माघात. ओट्यावर तांदूळ निवडत होती. दादा आत टीव्हीसमोर.

"भावजी, ह्यांना माझं कळत नाय."

"काय कळत नाही?"

"मी बोलते त्ये."

मी म्हटलं, "वहिनी, जगातल्या कुठल्या नवऱ्याला बायकोचं कळतं? तुम्हाला आत्ता समजलं का?"

ती हसली. तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटलं. मी माणसाला हसवलं की मला वाटतं काम झालं.

महिन्याभरानं तिनं पुन्हा काढलं. "मी म्हणलं, मीठ द्या तेवढं. तर हूं म्हणले न् बसून ऱ्हायले. दोनदा म्हणलं. दोनदा हूं."

"माझी बायको माझ्याबद्दल हेच सांगते," मी म्हणालो, "आणि मला तर झटकाही आलेला नाही."

ही मिठाची गोष्ट मी पुढं तीन घरांत सांगितली. वहिनीचा आवाज काढून, दादाचे दोन 'हूं' काढून. चांगली रंगायची. वहिनीनं नंतर पुन्हा विषय काढला नाही. माझ्या विनोदावर हसून झाल्यावर तीच तक्रार परत कोणत्या तोंडानं करणार?

आता मागं वळून बघतो तेव्हा कळतं, की ती दोघं सवयीवर चालली होती. ताट मांडलं की तो उठायचा. पिशवी पुढं केली की दुकानात जायचा, तिथं वाण्याला ठरलेला जिन्नस ठाऊक. आंघोळीचं पाणी तापलं की भांड्याच्या आवाजावरून त्याला कळायचं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात शब्द असे किती लागतात? ती बोलत राहिली, तो हुंकार देत राहिला, आणि मी दर रविवारी जाऊन दोघांना खाटेची गोष्ट सांगून येत राहिलो. असे आठ महिने गेले.

श्रावणात वहिनी मागच्या दगडावर घसरली. शेवाळ होतं. सकाळचे साडेनऊ-दहा असतील. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. दादा पुढं ओट्यावर होता, मध्ये दोन खोल्या, दारं उघडी. तिनं हाक मारली.

ती कशी मारली ते तिनंच मला नंतर सांगितलं. ती ओरडली नाही. तिला ओरडायची सवयच नाही, आणि ओरडलं तर चार परकी माणसं धावत येणार, लुगडं आवरता येत नव्हतं. तिनं नेहमीसारखीच हाक मारली. "अहो, जरा येता का. मी पडले." ओट्यावरून 'हूं' आला. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "अहो, पडले हो मी." पुन्हा 'हूं'. तिनं किती वेळा हाक मारली ते ती सांगत नाही. शेजारची बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर चढली तेव्हा तिला वहिनी दिसली. तोवर तासभर तरी झाला होता.

शेजारणीचा फोन आला तसा मी निघालो. पोचलो तोवर वहिनीला मागच्या मागं गाडीतून नेलं होतं, दादा ओट्यावर होता. त्याला सोबत का नेलं नाही असं मी विचारलं तर शेजारीण म्हणाली, "चला म्हणलं, तर हूं म्हणले न् उठलेच नाय."

मी दादावर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. अरे बायको मागं पडलीय, तासभर हाका मारतेय, तुझा कान कारखान्यात प्रसिद्ध, तुला बेरिंग ऐकू येतं आणि तिची हाक ऐकू येत नाही, लाज नाही वाटत का तुला. असं एका दमात बोललो, दम संपला, थांबलो.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "हूं."

जागेवर पडलेला हुंकार होता तो. वाक्य टेकलं तिथं, नेमका.

खिशात रहिवास दाखल्याचा कोरा अर्ज होता. त्याच्या मागं मी लिहिलं, 'मी काय बोलतो ते तुला कळतं का?' आणि त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. वाचता त्याला येत होतं, आधीसारखंच. घडी घातली.

"नाय," तो म्हणाला.

'कधीपासून?' मी लिहिलं.

"इस्पितळातनं."

'सांगितलं का नाहीस?'

"काय सांगू? ऐकू येत नाय म्हणावं तर आवाज येतो. सगळा येतो. कोन बोलतोय त्ये कळतं, रागावलाय का हसतोय त्ये कळतं." तो बोटांनी हवेत काहीतरी कालवत होता. "पर कालवल्यागत येतो रं. आमटी-भात कालवल्यावर भात येगळा काडून दाव म्हणलं तर कसा काडायचा? पयले वाटलं, मलाच येड लागलं. असं सांगितलं तर काय म्हणला असता तुमी?"

'मग हुंकार कसा देत होतास?'

कागद वाचून त्यानं तो मांडीवर ठेवला. "तुजा दम संपत आला की आवाज खाली बसतो. तिथं द्यायचा. एवढा लांबनं येतोस. दिला नस्ता तर तुला वाईट वाटलं अस्तं." मग म्हणाला, "पर खाटेची कळते. ती पाठच हाय ना."

मी त्या शेवटच्या वाक्याला धरून बसलो. निदान माझी गोष्ट कळते. भाऊ आतून तुटलाय आणि मला आधार कशाचा, तर माझ्या गोष्टीचा.

वहिनीच्या खुब्यात सळई घातली. ती इस्पितळात असतानाच मी दादाला पनवेलला वाचा-उपचार करणाऱ्या एका मॅडमकडे नेलं. तरुण मुलगी, शांत. तिनं दादाला कागदावर लिहून सूचना दिल्या, कानाला यंत्र लावून तपासलं. कान उत्तम. मग मला म्हणाली, "तुमची ती नेहमीची गोष्ट सांगा. यांच्या मागं उभं राहून. पण शब्द भलतेच घाला. चाल तीच ठेवा."

मला भलते शब्द दुसरे कुठले येणार? मी मामाच्या खाटेच्या चालीवर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज म्हटला. अर्जदाराचे संपूर्ण नाव. हूं. वडिलांचे किंवा पतीचे नाव. हूं. मौजे, तालुका, जिल्हा, रायगड. हूं. उपरोक्त माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, हे 'कोण गेलं ओ'च्या सुरात म्हटलं, आणि दादा हसला. खांदे हलवून, अगदी तसाच.

मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही. चाळीस वर्षं मी समजत होतो माणसं माझ्या गोष्टीला हसतात.

मग तिनं मला संगणकावर माझाच आवाज दाखवला. 'मामानं खाट टेकवली' एवढंच वाक्य. माथेरानकडे बघावं तशी डोंगरांची ओळ दिसत होती. "यात शब्द कुठं सुटतात ते दाखवा," ती म्हणाली. मला वाटलं सोपं आहे. 'मामानं' आणि 'खाट' यांच्या मधली जागा म्हणून मी एका फटीवर बोट ठेवलं. ती फट 'खाट'च्या आत निघाली, 'ट'च्या आधी जीभ टाळूला टेकते तेव्हाची. "कागदावर शब्दांच्या मध्ये जागा असते," ती म्हणाली, "आवाजात तशी नसते. ती आपला मेंदू पाडतो. बोलणाऱ्याच्या आवाजाचे चढ-उतार असतात ना, त्यांच्याबरोबर मेंदू चालतो. वाक्याची मोठी लाट, तिच्यात अक्षरांच्या छोट्या लाटा, आणि त्यांच्यातही अगदी बारीक बदल, 'प' का 'ब', पापणी लवायच्या आत होऊन जाणारे. आपला मेंदू या सगळ्यांबरोबर एकदम पावलं टाकतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. तुमचे भाऊ मोठ्या लाटेबरोबर चालतात. छोट्या त्यांच्या पायाखालून निसटतात."

मी विचारलं, "परत येईल का?"

"थोडं येऊ शकतं. हळू बोला. एकेक अक्षर सुटं. चेहरा समोर ठेवा. एका वेळी एकच माणूस, दोन आवाज झाले की सगळं मिसळतं. आणि जो शब्द येणार असं त्यांना आधीच वाटतंय, तो लवकर कळेल." मग फाइल बघून तिनं विचारलं, "झटका दिवाळीनंतरचा? मेंदू पहिल्या काही महिन्यांत जास्त शिकतो. घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का?"

मी म्हणालो, "नाही." खरं तर आलं होतं. दोनदा. मी हसण्यावारी नेलं होतं.

वहिनीला घरी आणलं ती खाटेवरच. हाड नीट जुळलं नाही, पुन्हा कापायला डॉक्टर तयार नव्हते, साखर वाढलेली. ती आता चालणार नाही हे आम्हाला आडवळणानं सांगितलं आणि तिला सरळ कळलं. कर्जतला चला म्हणून मी आणि बायकोनं खूप म्हटलं. वहिनी म्हणाली, "तुमच्या घरात चार मान्सं एकदम बोलतात. तिथं ह्यांना काय कळायचं?" बायको एक दिवसाआड जाऊन तिला न्हाऊ घालते, पडून पडून झालेल्या जखमा बघते. बाकीचा वेळ दादाच. आणि आता सवयीवर भागत नव्हतं. पडून राहिलेल्या माणसाला ताट मांडता येत नाही, पिशवी पुढं करता येत नाही. पाणी, कूस, दुखतंय, हे तोंडानंच सांगावं लागतं, आणि लिहिता तिला येत नाही.

चित्रं काढून भिंतीला लावू या, असं मी म्हटलं. तांब्या, उशी. लावलीही. ती बोट दाखवते, तेवढं भागतं. मॅडमनं सांगितल्याप्रमाणं शब्दही चालू झाले. ती दादाचं मनगट धरते आणि दर अक्षराला बोटानं टकटक करते. पा. णी. बारा-तेरा दिवसांनी 'पाणी' पोचलं. मग 'कूस'. मी तिथं असताना मात्र काहीच पोचत नसे. मला गप्प बसवत नाही. मी बायकोशी बोलायचो, आलेल्या माणसाशी बोलायचो, कोणी नसलं तर वहिनीला धीर द्यायचो. एका रविवारी ती 'कूस' म्हणत होती, मी कुणाला तरी काहीतरी रंगवून सांगत होतो, आणि दादा एकदम माझ्याकडे वळला.

"तू भायेर जा रं," तो म्हणाला.

तेव्हापासून माझी जागा ओट्यावर आहे.

दादाचं खाणं कमी झालं होतं. तो वहिनीच्या पायथ्याशी बसून दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, न जाणो हाक मारली तर. मागच्या दारातून तो बाहेर पडेना. दगडापाशी जायचं नाही म्हणून आंघोळही पुढं नळावर. वहिनीनं एकदा मला आत बोलावलं. "भावजी, ह्यांनी जीवाला लावून घेतलंय. त्यांना सांगायचंय मला. मी हाक हळूच मारलेली. वरडले अस्ते तर आले अस्ते. त्यांची काय चुकी?"

मी तिथंच कागद काढला. मोठ्या अक्षरांत लिहिलं. 'वहिनी म्हणते, तुझी चूक नाही. तिनं हाक हळू मारली होती.' दादाकडे दिला.

त्यानं वाचला, परत केला. "हे तू लिवलंस."

'वहिनीनं सांगितलंय,' मी लिहिलं.

"तू चांगलं करूनच सांगतोस. तुजी सवयच हाय ती."

वहिनीला काय झालं ते मी सांगितलं. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "बरुबर हाय त्यांचं. तुमच्या हातचं ते कशाला खरं मानतील? मी सांगीन माझं मी."

मी म्हणालो, "वहिनी, 'हाक हळू मारली', तीन शब्द आहेत. एकेक पोचायला पंधरा दिवस लागतात."

"मला कुठं जायचंय?" ती म्हणाली. आमच्या दोघांत विनोद करायचं काम आता तिनं घेतलं आहे.

ती रोज सकाळी, तोंड धुऊन झाल्यावर, बसते सांगायला. बसते म्हणजे पाठीला उशी लावून जरा वर सरकते. रविवारी मी ओट्यावरून ऐकतो. हा. क. हा. क. मध्ये बराच वेळ काही नाही. मग दादाचा आवाज, "परत." पुन्हा हा, क. पौष संपता संपता एका रविवारी ते पोचलं. मला बाहेर कळलं, कारण दादानं तो शब्द स्वतः उच्चारला, "हाक." आणि पुढचं काही न ऐकता तो उठून बाहेर आला, माझ्या शेजारी बसला. हात मांडीवर उपडे. आत वहिनी बोलत होती, हळू, एकेक अक्षर, रिकाम्या खोलीला. त्याला वाटलं होतं ती त्या दिवशीच्या हाकांचा हिशोब मागतेय. मी खिशातला पेन काढला आणि परत ठेवला.

आतून वहिनीनं विचारलं, "आले का भायेर?"

"हो."

"कुठवर आलं?"

"हाकेपर्यंत."

ती म्हणाली, "माझंच चुकलं. हाक आधी नको घ्यायला. आधी हळू म्हणते. हाक पाठीमागनं."

मी इतकी वर्षं गोष्टी सांगतोय. कोणता शब्द आधी आणि कोणता मागाहून, हे मला कुणी एवढ्या स्वच्छ शिकवलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तेव्हा दादा नळावर होता. मी दारातूनच विचारलं, "सांगितलं का?"

"रोज सांगते," वहिनी म्हणाली. "हळू, हाक. हळू, हाक."

"मग?"

"हळू कळत नाय त्यांना," ती म्हणाली. "हाक कळते."